अर्धी गाडी

सिरिल ट्रेगेअरने गाडीच्या मागच्या बाजूला फीत ताणली, आकडा पाहिला आणि फीत गुंडाळली.

पत्र्याचा पहिला सांगाडा परवा कारखान्याच्या अंगणात उभा राहिला होता. लांब नाक, मागे उतरत गेलेली कंबर, दुमडून सीटमागे बसणारं कापडी छत. सगळं रोलंड प्रिडोने कागदावर काढलं होतं तसंच. फक्त मागून ती जाड दिसत होती. पत्रा ठोकणाऱ्यांनी तिचं नाव ‘सरदारीणबाई’ ठेवलं होतं. रविवारचं जेवण बाईंना जड गेलंय, म्हणायचे.

मालक हॅल्डेनसाहेब मात्र हसले नव्हते. मंजुरीच्या दिवशी पाहिलेली गाडी सडपातळ होती. मातीचा नमुना अर्धाच करायची इथली रीत. मधल्या रेषेवर आरसा उभा केला की उरलेली अर्धी त्यात दिसायची. नमुन्याची मापं घेऊन कारागिरांसाठी आराखडे करायचे, हे सिरिलचं काम. काल त्याने नमुना पुन्हा मोजला, तर आराखडा बोटभर रुंद निघाला. चूक आपलीच, असं तो आज सकाळी मालकांना सांगून आला होता.

ते बोट कुठे गेलं, हे रोलंडला ठाऊक होतं. मापं झाल्यानंतर, मालक बघायला येण्याच्या आदल्या संध्याकाळी, त्याने आरशाला टेकणारी कड बोटभर तासली होती, म्हणजे आरशात गाडी सडपातळ दिसेल. एवढ्या अरुंद गाडीत चाकं मावणार नाहीत, हे त्याला कळत होतं. आधी मंजुरी मिळू दे, पुढचं पुढे, असं वाटलं होतं.

“तुझ्या चित्रातली रेघ घालवली बघ मी,” सिरिल गुडघे झटकत म्हणाला. “रागावला असशील तर बोल बाबा. मनात ठेवू नकोस.”

रोलंडने हातातला चहाचा कप मडगार्डवर ठेवला आणि लगेच उचलला. मग छताच्या शिवणीकडे बघत त्याने सगळं सांगून टाकलं. तसाच वर जाऊन मालकांनाही सांगितलं. हॅल्डेनसाहेबांनी त्याला चार शब्द सुनावले, पण सकाळी येऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला गाडी रुंद आहे म्हणूनच आवडली होती. काम थांबवू नका, एवढंच ते शेवटी म्हणाले.

रोलंड जवळजवळ धावतच खाली आला आणि त्याने हे सिरिलला सांगितलं. सिरिलने ऐकून घेतलं.

“काल रात्री एल्सीला म्हटलं, माझे डोळे गेले आता,” तो म्हणाला. “रडली बिचारी. मग म्हणाली, पेपर मी वाचून दाखवीन.”

“आता सांगा ना वहिनींना. तुमचे डोळे ठणठणीत आहेत.”

“सांगेन. मग ती विचारेल, चूक कुणाची होती. दर ख्रिसमसला तुझ्यासाठी वेगळं पुडिंग करते ती.” सिरिलने फीत खिशात टाकली. “जाऊ दे. डोळ्यांचंच राहू दे.”

नको म्हणायला रोलंडने तोंड उघडलं. पण त्याआधीच त्याला हायसं वाटून गेलं होतं, आणि सिरिल त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होता.