तुरीच्या टरफलांवर धावलेला आस

मी एक जुना आस आहे. वीतभर लांबीचा, पण मान ताठ! मित्रांनो, बैलगाडीचा नव्हे हं. दुरून बटणांनी चालवायच्या छोट्या गाडीचा मी मागचा आस. ती गाडी नायट्रो नावाचं जळजळीत तेल प्यायची आणि चवताळलेल्या गांधीलमाशीसारखी घोंघावायची.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. इंदुताई गुलबर्ग्याला इंजिनिअरिंग शिकत होती. तिला गाड्यांचंच शिकायचं होतं आणि वडिलांना, म्हणजे श्रीनिवासरावांना, ते मुळीच पसंत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "मामानं मस्कतहून आणलेली ती गाडी कॉलेजच्या प्रदर्शनात चार लोकांसमोर नीट पळवून दाखव. न्हाई पळाली तर गुपचूप मास्तरकीचं शीक."

गाडीच्या मूळ आसात दातेरी चाकांची डबी होती. तिच्यामुळे वळणावर दोन्ही चाकं आपापल्या वेगानं फिरायची. पण प्रदर्शनाच्या मुरमाच्या मैदानावर एक चाक उचललं की तेच गरगर फिरे आणि दुसरं ढिम्म! म्हणून इंदुताईनं ठरवलं, डबीच नको, दोन्ही चाकं एकाच सलग दांड्याला पक्की. ती लेथवाल्या रेवणसिद्धप्पांकडे गेली.

"अण्णा, मला आस पाहिजे."

त्यांची बोली कन्नड. त्यांना ऐकू आलं 'आसे', म्हणजे इच्छा!

"कशाची आसे ग यव्वा तुला?"

"अच्चु, अण्णा! गाडीचा अच्चु!"

हसत हसतच त्यांनी मला कातलं. मुरमाच्या मैदानावर मी असा पळालो म्हणता, की काही विचारू नका.

ऐन प्रदर्शनाच्या दिवशी मात्र घात झाला. पाहुणे म्हणून आले श्रीनिवासरावांचेच साहेब. त्यांना ऊन नको म्हणून कार्यक्रम शेडमध्ये, सिमेंटवर हलवला. माझं धाबंच दणाणलं. सिमेंट चाकाला घट्ट धरतं. माझी दोन्ही चाकं सारख्याच वेगानं फिरणार, तेव्हा वळताना एक चाक जरा घसरलं नाही, तर मी गाडीच उलथवणार. डबी परत बसवायला वेळ नव्हता. इंदुताई शेजारच्या दालमिलकडे धावली, तुरीच्या टरफलांचं पोतं आणलं आणि वळणावळणावर पसरू लागली.

"अगं, साहेबांसमोर ही घाण कामून करायलीस?" श्रीनिवासराव दबक्या आवाजात म्हणाले.

"अप्पा, आत्ता बोलू नका!"

गाडी सुटली. पहिल्या वळणावर टरफलांवरून चाक अलगद घसरलं आणि मला हायसं वाटलं. तेवढ्यात कुणीतरी साहेबांसाठी मोठा पंखा लावला. टरफलं भुर्रकन उडाली! दुसऱ्या वळणावर उघडं सिमेंट लागलं, गाडी एका बाजूला कलंडली, मी पिळवटलो, पण गाडी कशीबशी सावरली. शेवटच्या वळणावरचीही टरफलं सरकायला लागली होती.

"पंखा बंद करा!" इंदुताई ओरडली.

कुणी हललं नाही. साहेबांचा पंखा बंद करायची कुणाची छाती?

इतक्यात एक खुर्ची करकरली. श्रीनिवासराव उठले, साहेबांच्या पुढ्यातून ताडताड चालत गेले आणि खटकन बटण बंद केलं.

"थांबू नको, इंदू," ते घामाघूम होऊन म्हणाले. "पळव!"

उरल्यासुरल्या टरफलांवरून गाडी पार झाली.

त्या दिवशी मी किंचित वाकलो, तो वाकलोच. आता खोक्यात गंजत पडलोय. मित्रांनो, कधीतरी तेलाचं बोट लावलंत तर बरं वाटेल, नाही लावलंत तरी रुसणार नाही. पण तुमच्या घरी कुणी जीव ओतून काही करत असेल, आणि वारा त्याच्याविरुद्ध सुटला असेल, तर नुसते बघत बसू नका. उठा.