गालिच्यावरचं ऊन

सातवा एडवर्ड गादीवर असताना इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका शांत रस्त्यावर ते लाल विटांचं घर उभं राहिलं. हिल्डाचे वडील बुटांच्या कारखान्यात मुकादम. त्यांनी ते घेतलं. आईनं पहिल्याच दिवशी पुढच्या खोलीत तांबडा गालिचा अंथरला आणि पडदे ओढून घेतले. उन्हानं रंग उडतो ना! तेव्हापासून ती खोली तळहातावरच्या फोडासारखी जपली गेली. नाताळाला, नाहीतर पाद्रीबाबा चहाला आले तरच उघडायची. एरवी सगळा संसार मागच्या स्वयंपाकघरात. आईवडील गेले, बिनलग्नाच्या दोघी बहिणी उरल्या, आणि खोलीची किल्ली थोरल्या हिल्डाच्या ॲप्रनच्या खिशात आली.

त्या हिवाळ्यात धाकट्या डोराच्या छातीनं दगा दिला. वर मागच्या खोलीत पडून पडून ती कंटाळली.

"हिल्डा, मला खाली पुढच्या खोलीत निजव ना. येणारी-जाणारी माणसं तरी दिसतील."

"अगं, तिथल्या शेगडीचं धुराडं साफ होऊ दे. वसंतातली झाडलोट झाली की निजवते हो."

"आणि पडदे उघडशील?"

"आईचा गालिचा आहे तो, डोरा."

"मग त्यालाच दे माझं औषध!" डोरा हसली, आणि हसता हसता खोकत राहिली.

ईस्टर आला. धुराडं झाडून झालं, पितळ घासून झालं. उद्या पलंग खाली आणायचा, असं हिल्डानं मनाशी ठरवलं. सकाळी ती चहा घेऊन वर गेली, तर डोरा गेली होती.

दुसऱ्या दिवशी माणसांनी डोराची उघडी शवपेटी पुढच्या खोलीत आणून ठेवली. घरात मयत, म्हणून रीतीप्रमाणे सगळे पडदे ओढलेले. हिल्डा त्या अंधारात बसून राहिली. मग उठली आणि तिनं पडदे सर्रकन बाजूला सारले.

"अहो, हे काय भलतंच!" शेजारच्या प्लम्बबाई दचकल्या. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्यात."

ऊन डोराच्या चेहऱ्यावर आलं, तिथून गालिच्यावर उतरलं. इतक्या वर्षांत त्याचा रंग तसूभरही उडाला नव्हता. हिल्डानं नजर फिरवली. पेटीशेजारी खुर्ची ओढून ती खिडकीबाहेर पाहू लागली.

"दूधवाला आलाय गं," ती हळूच म्हणाली. "गाडीचा घोडा आज पुन्हा अडून बसलाय बघ."