पाचव्या स्पीकरची तार

दुकानदार म्हणाला होता, "आमचा माणूस येऊन बसवून देईल." मी म्हटलं, काही गरज नाही. सासऱ्यांना होम थिएटर घेऊन देणार मी, आणि जोडणार कोणी तिसराच? अंगात खुमखुमी भारी. रविवारी सकाळीच सासरी जाऊन बाह्या सरसावल्या.

बायको आणि सासूबाई कौतुकाने बघत उभ्या. बाबा, म्हणजे सासरे, खुर्चीत बसून होम थिएटरसोबत आलेलं माहितीचं पुस्तक वाचत होते. उभी हयात कोर्टात लघुलेखक म्हणून गेली त्यांची. निवृत्तीनंतरही साक्षींची रेकॉर्डिंग्ज घरी यायची आणि ते हेडफोन लावून शब्दनशब्द टाइप करायचे. मला म्हणाले, "यात लिहिलंय, शेवटी एकेक स्पीकर वेगळा वाजवून बघायचा."

"ते नवशिक्यांसाठी असतं, बाबा," मी म्हटलं.

मागचे दोन, पुढचे दोन आणि टीव्हीखालचा मधला. चार स्पीकरच्या तारा ब्लेडने सोलून खाचेत बसवल्या. पाचवी, मधल्याची, हातात घेतली तर जेवायची हाक आली. तार टीव्हीच्या कपाटामागे पडू नये म्हणून तशीच, प्लास्टिकसकट, खाचेत कोंबली. जेवून सोलू म्हटलं. जेवलो, आणि साफ विसरलो.

सिनेमा लावला. विमान डोक्यावरून गेलं, खिडक्या थरथरल्या. बायकोने टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "दणका छान आहे. पण माणसं काय बोलतायत ते कळत नाही."

"मला तर येतंय की ऐकू," बायको म्हणाली.

"मलाही," सासूबाई म्हणाल्या.

मी नेहमीसारखा पडद्यावर खाली येणाऱ्या सबटायटलच्या ओळी वाचत होतो, मला काय कळणार. बाबा त्या ओळींकडे बघत नसत. बोलणं ऐकायचं असतं, वाचायचं नसतं, असं त्यांचं मत. मी आवाज वाढवला. तरी त्यांनी नाही म्हणून मान हलवली, तेव्हा माझं डोकं सटकलं. "बाबा, आता कान तपासून घ्या. वय झालं की होतं असं." हसत म्हटलं, पण म्हटलं.

ते उठून आतल्या खोलीत गेले. त्यानंतर संध्याकाळी हॉलमध्ये बसेनात. बोलणंही कमी झालं. बायको म्हणाली, डॉक्टरकडे चला, तर म्हणाले, "त्यात तपासायचं काय? तीन साक्षीदार एकच सांगतायत." दोन महिन्यांनी त्यांनी हेडफोन कोर्टात परत केले. साक्षीतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर एखादा माणूस आत जातो, कानांचा भरवसा नसताना हे काम करायचं नाही, असं साहेबांना सांगून आले. मला वाटलं, बरं झालं, आता जरा आराम करतील.

गेल्या आठवड्यात रंगकाम निघालं म्हणून मी कपाट पुढे ओढलं. मधला स्पीकर उचलला आणि तार अलगद हातात आली. टोकाला प्लास्टिक जसंच्या तसं. पुस्तक उघडलं. पहिल्यांदाच. सिनेमातलं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतं, असं ठळक अक्षरांत छापलं होतं. त्या पानावर बाबांनी पेन्सिलीने बारीकशी खूण केली होती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "आई, खरं सांगा. तुम्हाला ऐकू यायचं?"

"नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण तुम्ही एवढ्या हौसेने बसवलेलं. जावयाला तसं कसं म्हणायचं?"

तार सोलली, जोडली, तोच सिनेमा लावला. पडद्यावरची बाई शेजारी बसल्यासारखी बोलायला लागली. आतल्या खोलीचं दार उघडलं. बाबा बाहेर आले, उभ्याउभ्याच ऐकत राहिले.

"काय केलंत?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "काही नाही, तुमच्यासाठी आवाज वाढवलाय त्यांनी."

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. त्या म्हाताऱ्या माणसाने तेही खरं मानलं असतं, याचीच मला लाज वाटली.

"आवाज तेवढाच आहे, बाबा. तार मी सोललीच नव्हती. तुमचे कान ठीक होते. कोणालाच ऐकू येत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे पाहिलं. मग आत गेले. फोन लावल्याचं कळलं.

"हो, मीच बोलतोय. ते रेकॉर्डिंगचं काम... अच्छा, दिलंत दुसऱ्यांना. नाही, नाही, बरोबरच आहे. सहज विचारलं."

सिनेमा मी बंद केला होता. दार लोटलेलं होतं, तरी शब्दनशब्द मला ऐकू आला.

बाहेर येऊन ते नेहमीच्या खुर्चीत बसले. "अहो, बसा ना," मला म्हणाले. "उभे का? चहा घेऊन जा."

मी बसलो. त्यांच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती, म्हणून हातातल्या तारेच्या सालीकडे बघत बसलो.