जिभेतले किडे आणि एक कांदा

“कुणाचा इश्वास बसायचा न्हाय, पण माझ्या जिभंतला अकरावा किडा परातीत पडला, पवत काठाला गेला आन् मागं वळून म्हनाला, ‘येतो आप्पा, जपून ऱ्हावा!’”

आप्पांचं बोलणं ऐकून मांडव खदखदून हसला आणि हसता हसताच त्याने हात जोडले.

एकोणीसशे शहाण्णव सालचा हा मांडव. सीवूड्सच्या मोकळ्या प्लॉटवर, करावे गावाकडे जाणाऱ्या वाटेला, दर गुरुवारी नळीबुवा बसत. तोंडाचा कुठलाही आजार असो, बुवा त्यातला किडा ओढून काढत. विटेवर लालबुंद तापवलेली लोखंडी पट्टी, भोवती परातीत पाणी. बुवा चिमूटभर ‘दिव्य चूर्ण’ तुपात मळून पट्टीवर टाकत. चर्रर्र! धूर! त्यावर मातीचं नरसाळं उपडं पडे. नरसाळ्याच्या शेंड्याला वेताची नळी, आणि नळीचं टोक रोग्याच्या तोंडात. रोगी खोके, रडे, लाळ गाळे. मग नरसाळं उचललं की परातीत बारीक, पांढरे, वाकडे किडे तरंगत असत.

“डाक्टर काय करतो?” बुवा गर्जत. “घराला आग लागली की घर पाडतो! आणि आपण? आपण उंदीर बाहेर काढतो!”

आगीचा आणि उंदराचा संबंध काय, हे विचारायला श्वास कुणापाशी शिल्लक होता? सगळा मांडव धुराने खोकत होता.

आप्पांना मात्र हा मांडव फार आवडायचा. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातला हा जुना माथाडी, मूळचा साताऱ्याकडचा. पाठीवर गोण्या आणि तोंडात थापा, दोन्ही सारख्याच वजनाच्या. मार्केटात त्यांच्या थापांना लोक हसायचे. इथे लोक हसायचे आणि पायाही पडायचे. बुवा त्यांना खुर्ची द्यायचे. माथाड्याला खुर्ची कोण देतो?

खरी हकिगत एवढीच होती. आप्पांची दाढ तुटली होती, तिची कोर जिभेला घासून जखम झाली होती. त्यांची मुलगी मंजुषा वाशीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिने बापाला दंडाला धरून दातांच्या डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरने कोर घासून गुळगुळीत केली, आठ दिवसांत जखम भरली. मग आप्पा गंमत बघायला मांडवात आले, नळी तोंडात धरली, किडे पडले. बरी झालेली जीभ त्यांनी बुवाच्या नावावर मांडली आणि टोळीत येऊन किड्यांना पाय फोडले, मिशा फोडल्या, शेवटी वाचाही दिली.

माथाड्यांचं सगळं टोळीने चालतं. काम टोळीने, जेवण टोळीने, औषधही टोळीने. एकाला गुण आला की बाकीचे विचारत नाहीत. आणि टोळीची आणखी एक सवय होती. पाठीवर गोणी असली की थुंकायला मान वळवता येत नाही, म्हणून तंबाखूची चिमूट जिभेच्या डाव्या कडेला दाबून ठेवायची आणि पाळी संपेपर्यंत तशीच राहू द्यायची. आप्पा तसंच करायचे. त्यांचा जोडीदार हौसेरावही वीस वर्षं तसंच करत आला होता.

हौसेरावच्या जिभेला डाव्या कडेला जखम झाली. दोन महिने झाले तरी भरेना.

त्या गुरुवारी मांडवातून निघताना हौसेरावची बायको राजाबाई आप्पांना बाजूला घेऊन बोलली. “भाऊजी, एक विचारू? परळच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा तपासला. कॅन्सरच निघाला.”

आप्पांच्या तोंडातली पुढची थाप तिथेच विरघळली.

“पर डॉक्टर म्हनले, लवकर आलाय. गाठ चिंचोक्याएवढी हाय, मानंत काय उतरल्यालं दिसत न्हाय. दोन वाटा हायत. तेवढा तुकडा भवतालच्या चांगल्या कडंसकट कापून काढायचा आन् मानंतल्या गाठी तपासायच्या. न्हायतर जिभंत बारीक सुया घालून थोडं दिवस किरनं द्यायची. आत्ता केलं तर बरं व्हायची लई आशा. तारीख दिली हुती.”

“हुती म्हंजे?”

“गेली की. ह्ये म्हनत्यात, चाकू लागला की पसरतंय. आप्पाला नळीनं गुण आला, मग मी का कापून घेऊ? सात गुरुवार बोलल्यात. आज तिसरा झाला.” राजाबाईने पदर तोंडाला लावला. “भाऊजी, तुमाला खरंच गुण आला न्हवं?”

आप्पा चप्पल शोधत राहिले. चप्पल पायातच होती.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात जेवणाच्या सुट्टीला त्यांनी हौसेरावला गाठलं. “हौसे, आरं त्यो किडा-बिडा सगळी थाप हुती. माझी दाढ तुटली हुती. डॉक्टरनं घासली.”

हौसेराव भाकरी दुधात कुस्करून गिळत होता. चावणं आता जमत नव्हतं. तो हसला. “राजीनं शिकिवलं व्हय तुला? आरं, तुला खोटंबी धड बोलता येईना झालंय. किड्याची गोष्ट सांग, ती चांगली हाय.”

आयुष्यभर आप्पांच्या थापा कुणी खऱ्या धरल्या नव्हत्या. एकच थाप लोकांनी खरी धरली, ती जीव घ्यायला निघाली होती. आणि आज ते खरं बोलत होते, तर जोडीदार भाकरी खाता खाता हसत होता. त्या दिवशी आप्पांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही. चौथा गुरुवारही असाच गेला. मांडवातली आप्पांची खुर्ची रिकामी राहिली, पण हौसेरावच्या तोंडात नळी गेलीच.

शेवटी त्यांनी मंजुषाला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिने पेन खाली ठेवलं.

“चार गुरुवार? आप्पा, तुम्हाला कळतंय का काय केलंत?”

“कळतंय म्हनून तर तुला सांगतोय.”

“मला सांगून काय उपयोग? तिथं मांडवात सांगायचं. सगळ्यांसमोर.”

“तितं बुवाची मानसं असत्यात गं...”

“मी येते बरोबर. आणि येताना मार्केटातला एक कांदा आणा. चांगला, न किडलेला.”

पाचव्या गुरुवारी हौसेराव नळीसमोर बसला, तेवढ्यात मंजुषा पुढे गेली. “बुवा, याच्याआधी आमचा एक रोगी घ्या.” आणि तिने नळीचं टोक कांद्यात खुपसलं.

“अगं बाई, ही काय थट्टा?”

“चूर्ण तर टाकलंय तुम्ही पट्टीवर, वाया कशाला घालवता?”

धूर झाला. तिने नरसाळं उचललं. परातीत नऊ किडे!

“कांद्याला पन कॅन्सर!” मागून कुणीतरी ओरडलं.

बुवा सावरले. “कांदा जमिनीतला. त्यात किडा असणारच!”

लोकांना तेही पटलं. माना डोलल्या. मंजुषाने पिशवीतून स्टीलचा पेला काढला. “हा कालच भांडीवाल्याकडून घेतला. याच्या जिभेत किती किडे आहेत बघू.” परातीतलं पाणी बदलून तिनेच चिमूटभर चूर्ण पट्टीवर टाकलं. पेल्यातून तेरा किडे निघाले. मग तिने शाळेतलं भिंग परातीवर धरलं. “या, एकेकाने बघा. याला तोंड आहे? पोट आहे? हा किडा नाही, कोंब आहे. तुमच्या गावच्या बांधावर काटेरिंगणी उगवते ना? या चूर्णात तिचंच बी आहे. ते चपटं असतं, आत कोंब गोल वळून बसलेला असतो. तापल्या लोखंडावर बी फुटतं, कोंब उडतो, पाण्यात पडतो आणि फुगतो. माणसाच्या तोंडातून काहीच येत नाही. तोंडात फक्त धूर जातो.”

“पापिणी!” बुवा ओरडले. “हिच्या बापालाच विचारा की, अकरा किडे कुणाच्या जिभेतून पडले!”

सगळ्या माना आप्पांकडे वळल्या. “मी... मी थाप मारली,” ते पुटपुटले.

“मोठ्यानं!” मंजुषा म्हणाली.

“थाप मारली! माझी जीभ दातांच्या डॉक्टरनं बरी केली! हौसे, मला माफ कर गड्या!”

बुवाची दोन माणसं पुढे सरसावली, तसे आप्पा मांडवाच्या कोपऱ्यातल्या कोळशाच्या गोणीमागे दिसेनासे झाले. गलका वाढला. पण हौसेराव जागचा हलला नाही. तो बुवाला जड आवाजात म्हणाला, “आता माझ्या तोंडात नळी धरा. पर पट्टीवर चूर्ण टाकू नगा. किडा माझ्या जिभंत आसंल, तर चूर्णाबिगर बी पडंल.”

बुवा म्हणाले, मुहूर्त टळला. हौसेरावने स्वतःच पट्टी झाडली, परातीत ताजं पाणी ओतलं, नरसाळं उपडं घातलं आणि नळी तोंडात धरली. अख्खा मांडव परातीकडे बघत होता. बराच वेळ गेला. नरसाळं उचललं. पाणी स्वच्छ होतं.

राजाबाई तिथेच मटकन खाली बसली आणि रडू लागली. हौसेराव तिला म्हणाला, “ऊठ. परळला जायाचं.”

“ऐका,” मंजुषा लोकांना म्हणाली, “हात कुणालाही जोडा. पण तोंडातली जखम किंवा चट्टा पंधरा दिवसांत गेला नाही, तर आधी डॉक्टरला दाखवा. चाकूने कॅन्सर पसरत नाही, वाट बघितल्याने पसरतो. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर एकच विचारा: रोगी नसताना हे होतं का? होत असेल, तर त्यात रोग्याचा काही संबंध नाही.”

ऑपरेशन झालं. मानेतल्या गाठींचा रिपोर्ट चांगला आला. पण डॉक्टर राजाबाईला जे बोलले, ते दाराशी उभ्या आप्पांनीही ऐकलं. “थोडं आधी आला असता, तर तुकडा याहून लहान निघाला असता.” जिभेचा तेवढा जास्तीचा भाग आपल्या थापेने गेला, हे आप्पांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी तंबाखूची डबी त्याच दिवशी टाकली. त्याने भरपाई होत नाही, हेही त्यांना कळत होतं.

तीन महिन्यांनी हौसेराव टोळीत येऊन बसू लागला, पण बोलेना. डॉक्टर सांगून थकले की बोलल्याशिवाय जीभ वळणार नाही. शब्द बोबडे येतात, पोरं हसतील, म्हणून तो खडूने फरशीवर लिही. आप्पा रोज समोर बसत.

एके दुपारी आप्पा हौसेरावकडे बघत एकदम उठून उभे राहिले. “आरं, त्या गुरुवारी काय झालं ठाव हाय का? माझी पोरगी थरथर कापत हुती. मी म्हनलं, सर बाजूला! बुवाची नळी हिसकावली, गुडघ्यावर मोडली, दोन पैलवान एका हातानं फेकलं, आन् कांदा...”

हौसेरावच्या हातातला खडू थांबला. त्याचा चेहरा लाल झाला, मानेवरचा व्रण ताणला गेला, ओठ हलले, पुन्हा हलले.

“खोतं!” तो ओरडला. “साफ खोतं बोलतोय! गोनीमागं लपला हुतास तू, म्हाताऱ्या!”