मुकादमबाईंचा खोकला

घरात, दुकानात आणि गल्लीत सगळे त्यांना मुकादमबाई म्हणत. हे नाव नवऱ्याने ठेवलं होतं, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव आता फक्त हॉस्पिटलात पुकारलं जाई. तिथे त्यांना दोनदा हाक मारावी लागे, कारण ते नाव आपलंच आहे हे बाईंच्या चटकन लक्षात येत नसे.

बाईंचा धंदा पडदे शिवण्याचा. खाली दुकान, वर घर. गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांवर त्यांच्या हातचे पडदे होते, आणि कुणाच्या पडद्याची चुणी विस्कटलेली दिसली तर बाई रस्त्यातून त्या घरच्यांना हाक मारून सांगत. लोक म्हणत, विकलेल्या मालावरचा हक्क सोडायला ही बाई तयारच नाही. नवरा बस चालवून निवृत्त झालेला. आता तो शिडीवर चढून पडद्यांचे दांडे बसवी आणि बाई खालून "उजवीकडे, अजून उजवीकडे" करत. आयुष्यभर बस चालवली तेव्हा मला रस्ता कुणी सांगितला नाही, असं तो म्हणे, पण दांडा उजवीकडे सरकवी.

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या उजव्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला आणि खालचा भाग काढून टाकावा लागला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "पण तुम्ही तर कधी सिगारेटला हातही लावला नाही!"

"हो ना," बाई म्हणत. "पत्ता चुकून आला असणार. विचारायचं राहूनच गेलं."

भेटायला आलेले मग चहा संपवून लवकर उठत.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी छातीचा स्कॅन ठरलेला. डॉक्टरांनी मागच्या खेपेला सांगितलं होतं की या वेळचाही स्कॅन स्वच्छ आला, तर पुढे वर्षातून एकदाच यायचं. बाईंनी ते गाठीला बांधून ठेवलं होतं. त्याच भरवशावर त्यांनी एका मोठ्या सभागृहाच्या रंगमंचाचा पडदा शिवायला घेतला होता, लालभडक मखमलीचा, उचलायला चार माणसं लागतील असा. "एवढं अवजड काम कशाला?" असं नवऱ्याने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हलकी कामं आजारी माणसांनी करावीत."

आणि नेमका स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात त्यांना खोकला सुरू झाला.

आता खोकला म्हणजे तुमच्या-आमच्याकडे खोकला असतो. काढा प्यायचा, गुळण्या करायच्या, विसरून जायचं. या घरात तसं नव्हतं. एकदा जेवताना बाईंना साधा ठसका लागला, तर मुलाने ताट सोडून गाडीची किल्ली हातात घेतली होती आणि सूनबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. ते सगळं बाईंना पुन्हा नको होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, त्या स्वतःही घाबरल्या होत्या. पहिल्या वेळी हे दुखणं खोकल्यानेच सुरू झालं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्यांनी ठरवलं की स्कॅन होईपर्यंत कुणाला काही कळू द्यायचं नाही.

त्यासाठी त्यांनी युक्ती काढली. खोकल्याची उबळ आली की त्या शिलाई मशीनचं पेडल दाबत, मोटर घरघरू लागे, आणि बाई मखमलीच्या थप्पीत तोंड खुपसून खोकून घेत. मशीनखाली कापड नसे. रिकामं मशीन पळवणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप, शिकाऊ मुलींना त्यासाठी त्यांनी किती बोलणी ऐकवली होती. पण वेळच तशी होती.

याच दिवसांत घर मात्र विचित्र वागू लागलं.

आधी नवरा खाली दुकानात झोपायला गेला. म्हणे दुकानात उंदीर झालेत, मखमल कुरतडतील. इतक्या वर्षांत बाईंनी दुकानात उंदराचं शेपूटही पाहिलं नव्हतं. मग मुलगा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, संध्याकाळी घरी आला की आईच्या शेजारी खुर्ची ओढून दिवसभरात कोण कुठे अडकलं त्याच्या गोष्टी सांगायचा. तो आता उशिरा येई, खिडकीखाली मोटारसायकल उगाच घुरघुरत ठेवी, आणि वर आला की "भूक नाही" म्हणून खोलीत जाई. आणि सूनबाई! एरवी सासूबाईंच्या तोंडाला तोंड देणारी ही पोरगी अचानक अबोल झाली. स्वयंपाकघराचं दार लावून मिक्सर फिरवत बसे. एवढा वेळ मिक्सर फिरे, आणि ताटात वाटलेलं म्हणून काही येत नसे.

बाईंनी दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांना उलगडा झाला, आणि तो उलगडा त्यांच्या काळजात रुतला. यांना कळलंय. यांना खोकला ऐकू आलाय, आणि हे सगळे आता सवय करून घेतायत. माझ्याशिवाय जेवायची, माझ्याशिवाय झोपायची. ज्या बाईने ऑपरेशनच्या टेबलावर भूल देणाऱ्या डॉक्टरला "नीट मोजून द्या हं" असं बजावलं होतं, ती बाई त्या दुपारी मखमलीवर बसून रडली. मग डाग पडेल म्हणून उठली.

स्कॅनच्या सकाळी तर कहर झाला. दर वेळी सगळं घर सोबत येई, हॉस्पिटलातली माणसं म्हणत की तुमच्यासाठी वेगळा बाक ठेवायला हवा. या खेपेला मुलगा म्हणाला, "आई, आज एक लिफ्ट अडकलीये, जावंच लागेल." सूनबाई दाताच्या दवाखान्यात नोकरीला होती. ती दाराआडूनच म्हणाली, "आज रजा नाही मिळाली, आई." दोघांनीही नजर चुकवली.

"जा बापडे," बाई म्हणाल्या. "मला काय कडेवर घेऊन जायचंय?"

नवऱ्याने गाडी काढली. गळ्याला नाकापर्यंत मफलर. "तू मागे बस, ऐसपैस," तो म्हणाला. सगळ्या काचा खाली. वाऱ्याने बाईंचे केस उडत होते आणि तो पुढे रस्त्याकडे बघत चालवत होता, जणू मागे सीट रिकामीच आहे. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. एक तर खोकला येऊ नये म्हणून, आणि दुसरं रडू येऊ नये म्हणून.

स्कॅनच्या खोलीत गारठा होता. मशीन चालवणारी मुलगी ओळखीची. तिने बाईंना झोपवलं, हात डोक्यावर घ्यायला लावले आणि काचेपलीकडे जाऊन बसली. भोंग्यातून आवाज आला, "श्वास घ्या. रोखून धरा."

बाईंनी श्वास घेतला, रोखून धरला आणि खोकल्या.

"काही हरकत नाही," मुलगी म्हणाली. "पुन्हा एकदा."

पुन्हा श्वास, पुन्हा खोकला, या वेळी असा की टेबल हललं. बघा, सगळ्या जगापासून लपवलेली गोष्ट जिथे अजिबात हलायचं नाही तिथेच बाहेर आली. मुलगी बाहेर आली. "कधीपासून आहे हा खोकला?"

"आत्ताच. घसा कोरडा पडलाय."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. रोज खोटं बोलणारी माणसं पाहण्याची तिला सवय असावी. ती दार उघडून बाहेर गेली आणि बाईंना आडवं पडल्या पडल्या तिचा आवाज ऐकू आला. "काका, यांना खोकला कधीपासून आहे?"

उत्तर म्हणून नवऱ्याने तोंड उघडलं आणि असा काही खोकला काढला की बाकावर बसलेले दोघे जण उठून पलीकडे गेले. थांबेचना. जुन्या बसचं इंजिन थंडीत सुरू करताना करतं तसा तो खोकत राहिला.

बाई टेबलावरून उतरून दारात आल्या. "अहो, हे काय?"

"तू आत जा. जवळ येऊ नकोस," नवरा मफलर नाकावर ओढत मागे सरकला.

"कधीपासून आहे हे?"

"तुझ्या आधीपासून," तो कसाबसा म्हणाला. "म्हणून तर खाली झोपायला गेलो. पण उशीर झाला होता. तुला माझाच लागला, मुकादम. दोन वर्षं तुला वाऱ्यापासून जपलं आणि शेवटी मीच..."

"तुम्हाला माहीत होतं मी खोकते ते?"

"रिकामं मशीन कसं वाजतं ते मला कळत नाही का? वीस वर्षं ऐकतोय."

बाईंना एकदम मिक्सर आठवला. मग खिडकीखालची मोटारसायकल. त्यांनी कंबरेवर हात ठेवले. "आणि ती दोघं?"

नवऱ्याने मुकाट्याने खिडकीकडे बोट केलं. खाली आवारात, फाटकाजवळच्या झाडाखाली, मुलगा आणि सूनबाई मोटारसायकलला टेकून उभे होते. ना लिफ्ट अडकली होती, ना रजा नाकारली होती. दोघांनी तोंडाला रुमाल बांधले होते आणि दोघे मान वर करून याच मजल्यावरच्या खिडक्यांकडे बघत होते. सूनबाई मधेच वाकून खोकली, मुलाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग तोही खोकला.

मुकादमबाई हसायला लागल्या. हसता हसता खोकायला लागल्या, खोकता खोकता डोळे पुसायला लागल्या, आणि नवराही हसू लागला तसा त्यालाही उबळ आली. मशीनवरची मुलगी पाण्याचा पेला हातात घेऊन दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. आधी कुणाला द्यावा हे तिला कळेना.

"दे इकडे," बाई म्हणाल्या. त्या कोमट पाणी घोट घोट प्यायल्या, टेबलावर जाऊन झोपल्या आणि काचेकडे बघून म्हणाल्या, "चल गं, घे आता." या वेळी त्यांनी श्वास असा रोखून धरला की मुलीला "सोडा" म्हणून दोनदा सांगावं लागलं.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर चौघं एका बाकावर बसले. बाईंनीच खिडकीतून हाक मारून दोघांना वर बोलावलं होतं, आणि ती हाक अख्ख्या इमारतीने ऐकली होती. बाकावर भांडण जुंपलं होतं.

"माझ्या दवाखान्यातून आला," सूनबाई म्हणाली. "एक पेशंट तोंडावरच शिंकला. सुरुवात माझी."

"काहीतरीच. मला त्याच्या आदल्या दिवशीच घसा धरला होता," मुलगा म्हणाला.

"मी तुम्हा दोघांच्या आधी," नवरा म्हणाला.

"एवढी चढाओढ कुणी घरची भांडी घासायला केली असती तर," बाई म्हणाल्या, "मला दुसरी कामवाली शोधावी लागली नसती."

हसले सगळे, तेवढ्यात डॉक्टरांनी नाव पुकारलं. दुसऱ्या हाकेला बाई उठल्या. घरभर सर्दी आहे म्हणून आपल्या आत दुसरं काही नाही असं थोडंच आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्या आत गेल्या आणि डॉक्टरांनी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "मला आठवडाभर खोकला आहे. मी लपवला. आता सांगा."

डॉक्टरांनी पडद्यावरची जुनी आणि नवी चित्रं शेजारी शेजारी लावून पाहिली. कितीतरी वेळ पाहिली. मग छाती तपासली, घसा तपासला.

"फुफ्फुस स्वच्छ आहे," ते म्हणाले. "मागच्या वेळी होतं तसंच. खोकला साध्या संसर्गाचा आहे. पण तुमच्यासाठी साधा संसर्गही साधा नसतो. पहिल्याच दिवशी कळवायला हवं होतं. घरात आणखी कुणाला आहे?"

दारात तीन हात वर झाले.

"मग लागायचा तो लागून झालाय. आता एकमेकांपासून पळू नका. औषध वेळेवर घ्या," डॉक्टर म्हणाले. "आणि बाई, भेटू पुढच्या वर्षी."

सूनबाईने तिथेच सासूबाईंच्या गळ्यात हात टाकले. मुलगा कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि या वेळी तो खोकत नव्हता.

परतताना बाई पुढच्या सीटवर बसल्या. काचा बंद. मुलगा आणि सूनबाई मोटारसायकलवरून पुढे गेले होते. मग बाईंनी मनात सलत होतं ते सरळ बोलून टाकलं.

"तुम्ही खाली झोपायला गेलात ना, तेव्हा मला वाटलं, माझ्याशिवाय राहायची सवय करून घेताय."

नवऱ्याने गाडी हळू केली. बाजूला घेतली, थांबवली. बस चालवतानाही वाटेत कधी विनाकारण न थांबणारा माणूस.

"दुकानाच्या बरोबर वर आपला पलंग आहे," तो म्हणाला. "तू खोकलीस की मला खाली ऐकू यायचं. वाईट वाटायचं, माझ्यामुळे त्रास होतोय म्हणून. पण तू जरा वेळ खोकली नाहीस की मी उठून बसायचो. पुन्हा खोकलीस की म्हणायचो, आहे. आणि मग पडायचो."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घराच्या पडद्याची चुणी विस्कटली होती. पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे करून नवऱ्याचा मफलर नाकावरून खाली ओढला.

"चला आता," त्या म्हणाल्या. "आणि आजपासून वरच झोपायचं. खोकायचं ते माझ्या कानाशी खोका."