पंचामृत प्यालेली केबल

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे, मोटारीतली. एवढं एक वाक्य सांगून मी बराच वेळ थांबले होते, कारण केबलचं आत्मवृत्त कोण वाचणार? गाडीचं वाचतील, इंजिनाचं वाचतील, हॉर्नचंसुद्धा वाचतील, त्याला निदान आवाज आहे. मी म्हणजे जन्मभर एका नळीत राहिलेली तार. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेलंही नसेल. पण सांगायला दुसरं कुणी पुढे येत नाही, आणि जे घडलं ते माझ्याच पोटात घडलं, म्हणून भीत भीत सांगते. मध्ये कंटाळा आला तर खुशाल उठून जा. मला सवय आहे.

आधी माझं काम. गाडी चालवणाऱ्याच्या उजव्या पायाखाली एक पट्टी असते. ती दाबली की मी ओढली जाते, माझं दुसरं टोक इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या कार्ब्युरेटरची झडप उघडतं आणि गाडी धावू लागते. पाय उचलला की एक स्प्रिंग मला जागेवर परत आणते. ओढलं जायचं आणि परत यायचं, एवढंच. गॅरेजमध्ये मला 'रेसची केबल' म्हणतात. या नावावरून मी फार धावपळीची असेन असं वाटेल. प्रत्यक्षात मी चार बोटांच्या पलीकडे कधी सरकलेली नाही.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या एका कारखान्यात बारीक तारांना पीळ देऊन मला केलं, नळीत घातलं आणि एका लाल, बसक्या, दोनच माणसांच्या गाडीत बसवलं. त्या गाडीला टप नव्हता. देवळालीच्या एका पारशी शेठनी ती बोटीने मागवली. ते तरुण होते, रस्ते मोकळे होते आणि मी दिवसभर ओढली जात होते. लोक थांबून गाडीकडे बघत. माझ्याकडे कुणी बघत नसे, पण घरातल्या कुणाचं कौतुक झालं की आपल्यालाही बरं वाटतं, तसं मला वाटे.

पुढे शेठ म्हातारे झाले आणि त्यांची नजर गेली. तेव्हा पोस्टात नोकरीला असलेले यज्ञेश्वरराव दर रविवारी नाशिकहून सायकलने जाऊन त्यांना इंग्रजी रहस्यकथा वाचून दाखवू लागले. यज्ञेश्वरराव इतके लाजरे की खुनाचा प्रसंग आला की त्यांचा आवाज खाली जाई. शेठना दर वेळी विचारावं लागे, "अरे, पण मेला कोण?"

शेवटी शेठ परदेशात आपल्या मुलीकडे निघाले. त्यांनी गाडीची किल्ली यज्ञेश्वररावांच्या हातात ठेवली. यज्ञेश्वरराव म्हणाले की मी या लायकीचा नाही, मला चालवताही येत नाही. शेठ म्हणाले, "शीक. एकच सांगतो, हिला शोभेला उभी करू नकोस. चालती ठेव."

यज्ञेश्वररावांनी शब्द दिला. ते शिकले. वळणावर आधी गाडीची माफी मागून मग स्टिअरिंग फिरवावं, अशी त्यांची चालवण्याची तऱ्हा होती. मला ती आवडे. त्यांच्या पत्नी लतिकाबाई शाळेत गणित शिकवत. त्या शेजारी बसत आणि एका हाताने दाराची कडी घट्ट धरून ठेवत. त्यांचा नवऱ्यावर विश्वास होता, पण गणित त्यांना जास्त भरवशाचं वाटे.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझ्या नळीचं वरचं तोंड कार्ब्युरेटरजवळ आकाशाकडे उघडतं. त्यावर एक रबराची टोपी होती. ती एका वर्षी झिजून गळून पडली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग दसरा आला.

यज्ञेश्वररावांचे थोरले चुलतभाऊ रंगनाथदादा गोदाकाठी यात्रेकरूंच्या पूजा सांगतात. कुठलीही गोष्ट अर्धवट करणं त्यांच्या स्वभावात नाही. बाकीचे लोक गाडीला झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि पेढे खातात. दादांनी विचार मांडला की चाकं आणि दिवे ही वरवरची अंगं झाली. गाडीचा प्राण इंजिनात, तेव्हा बॉनेट उघडा. बॉनेट उघडलं. दादांनी खणखणीत मंत्र म्हणत इंजिनावर पंचामृताचा अभिषेक केला. दूध, दही, तूप, मध, साखर. लतिकाबाईंचा हात सढळ, आणि मध पेठच्या डोंगरातला, अस्सल, दाट. माझं तोंड उघडं. मी काय करणार? पळीपळीने प्यायले. पहिली पळी मला आवडली, खोटं कशाला सांगू.

मग पाडव्याला अभिषेक, पुन्हा दसऱ्याला अभिषेक. दूध वाळून जाई, पण मध आणि साखर माझ्या नळीत राहत. थंडी पडली की तो मध आळून घट्ट होई. यज्ञेश्वरराव पाय उचलत, स्प्रिंग मला ओढून ओढून दमे, आणि मी नळीत तशीच चिकटलेली. पाय वर आणि गाडी मात्र घोंघावत पुढे.

हे ऐकून दादा गंभीर झाले. कुणाची तरी दृष्ट लागली असणार, असं त्यांचं मत पडलं आणि त्यांनी दर पौर्णिमेला एक जादा अभिषेक सांगितला. म्हणजे मी अडकले की अभिषेक, आणि अभिषेक झाला की मी अजून अडकणार. मित्रांनो, त्या दिवसांत मला तोंड असून बोलता येत नव्हतं. तोंड होतं, पण ते सदैव भरलेलं.

पेठ नाक्यावरच्या सुनील मिस्त्रीने प्रयत्न केले नाहीत असं नाही. त्याने स्प्रिंग बदलली, कार्ब्युरेटर खोलून धुतला, पट्टीखालचं रबरी पायपुसणं कापून लहान केलं. मलाही वरून तेल पाजलं, पण तेलात साखर विरघळत नाही. आणि गंमत अशी की त्याच्या गॅरेजवर पत्र्याचं छप्पर. गाडीचा नंबर लागेपर्यंत दुपार होई, पत्रा तापे, माझ्या पोटातला मध पातळ होई आणि सुनीलने ओढलं की मी शहाण्या मुलीसारखी मागेपुढे सरके. लबाडी करायची माझी इच्छा नव्हती. पण डॉक्टरकडे गेल्यावरच ताप उतरतो, तसं माझं होई.

शेवटी सुनील हात पुसत म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. गाडीत काय नाय. तुमचा पायच जड पडत असंल."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. यज्ञेश्वररावांना ते लगेच पटलं. समोरचा माणूस म्हणेल ते खरं असणार, हा त्यांचा जुना आजार. त्यांनी जाड तळव्याच्या वहाणा टाकून पातळ सपाता आणल्या. गुडघा दाखवून आले. घरी लतिकाबाईंच्या शिलाई मशीनसमोर बसून, तिच्या पायपट्टीवरून पाय हलका उचलायचा सराव करू लागले. मशीनमध्ये कापड नसायचं, सुई नुसतीच खालीवर व्हायची.

मग तो थंडीतला दिवस आला. दोघं सकाळी लवकर भाजी घेऊन परत येत होते. पंचवटी कारंजाच्या गोल चौकात वळण घेताना यज्ञेश्वररावांनी पाय उचलला आणि मी परत आलेच नाही. ते ब्रेक दाबत, गाडी गुरगुरत मंदावे. ब्रेक सोडला की पुन्हा उसळे. कुठल्या रस्त्याला बाहेर पडावं हे त्यांना ठरवता येईना, कारण प्रत्येक रस्त्यावर माणसं होती. म्हणून ते गोल गोल फिरत राहिले. रिक्षावाल्यांना वाटलं, काकांना आज रंग चढलाय. एकाने शिट्टी मारून दाद दिली. फुलं विकणाऱ्या भागुबाईने, ही कसली तरी प्रदक्षिणा असेल म्हणून, गाडी समोरून गेली की हात जोडायला सुरुवात केली. एका फेरीला शाळेची मुलं रस्ता ओलांडायला पुढे आली आणि दचकून मागे सरली. तेव्हा लतिकाबाईंनीच हात लांब करून किल्ली बंद केली. त्या उतरल्या, मेथीच्या जुड्या उचलल्या आणि रिक्षाने घरी गेल्या.

संध्याकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "मला गाडी नको असं नाही हो. मला तुम्ही हवे आहात. आणि ती मुलंही कुणाची तरी आहेत."

खरं कारण माझ्याकडे होतं, पण मला कोण विचारतो?

गंगापूर धरणाच्या बाजूला किशोर नावाच्या माणसाचं द्राक्षमळ्यातलं हॉटेल आहे. त्याचा या गाडीवर केव्हापासून डोळा होता. इंजिन काढून बॉनेटमध्ये माती भरायची, त्यात फुलझाडं लावायची, ड्रायव्हरच्या जागी वाईनचं पिंप बसवायचं आणि गाडी दारात उभी करायची, असा त्याचा बेत. लोक फोटो काढतील. यज्ञेश्वररावांनी त्याला होकार कळवला. त्या रात्री ते जेवले नाहीत असं मी ऐकलं. शेठना दिलेला शब्द मोडत होता, आणि तो आपल्या पायामुळे मोडतोय असं त्यांना वाटत होतं.

गाडी न्यायचा दिवस उजाडला. चांगलीच थंडी होती. किशोर यायचा होता. गाडी टेम्पोत चढवायला सुनील आला होता. निरोपाची पूजा म्हणून रंगनाथदादा ताम्हन घेऊन हजर. बॉनेट उघडलं. दादांनी पळी भरली, मंत्राला सुरुवात केली, आणि पंचामृताची वाटी धरून उभ्या असलेल्या लतिकाबाई म्हणाल्या, "थांबा भाऊजी. या मुंग्या कुठे चालल्यात?"

मुंग्यांची एक बारीक रांग चाकावरून चढून, इंजिनाला वळसा घालून, माझ्या तोंडात शिरत होती. त्या कधीच्या येत होत्या. मला गुदगुल्या होत, पण सांगणार कसं?

सुनील म्हणाला की जुन्या गाडीत असायच्याच मुंग्या. लतिकाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. फळ्यासमोर पोराला उभं करावं तसं त्यांनी यज्ञेश्वररावांना विचारलं, "अहो, ही उन्हाळ्यात कधी अडकली?"

"नाही."

"दुपारी?"

"दुपारी... नाही. सकाळीच."

"मग मी थंडीत मधाची बाटली उन्हात का ठेवते?"

दादांच्या हातातली पळी तशीच वर राहिली. सुनील पुढे आला. त्याने कार्ब्युरेटरकडचं माझं टोक सोडवलं आणि झडप बोटाने उघडून सोडली. ती टक्कन मिटली. मग त्याने मला ओढलं. मी हलले नाही. त्याने जोर लावला तेव्हा कशीबशी आले आणि तिथेच राहिले.

तो यज्ञेश्वररावांकडे वळून म्हणाला, "काका, पायाचं काय नाय. मी उगीच बोललो."

यज्ञेश्वररावांनी खाली आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. निकालात स्वतःचा नंबर सापडलेल्या मुलासारखे ते बराच वेळ पाहत राहिले.

त्यानंतर माझ्यावर जो प्रसंग आला तो सांगायला मला संकोच वाटतो. भर अंगणात, शेजारीपाजारी बघत असताना, मला नळीतून बाहेर ओढण्यात आलं. इतक्या वर्षांत मी उजेड पाहिला नव्हता. लतिकाबाई म्हणाल्या, परकराच्या नेफ्यातून नाडी काढतात तसं आहे की हे. विलायतेत जन्मलेल्या केबलला हे ऐकावं लागलं. पण त्यांनी बंबातलं कढत पाणी आणून माझ्या नळीत ओतलं आणि दुसऱ्या टोकाने चहाच्या रंगाचं पाणी आलं. मागोमाग साखरेचे खडे आणि पुष्कळ मुंग्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत त्या ओतत राहिल्या. सुनीलने मला बोटांमधून फिरवून पाहिलं. माझा एकही धागा तुटलेला नव्हता. आतून गंजही नव्हता, बहुधा तुपामुळे. तो म्हणाला, "असा माल आता येत नाय." मित्रांनो, हे माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक.

रंगनाथदादा मात्र पायरीवर ताम्हन मांडीवर घेऊन बसले होते. कुणी त्यांना काही म्हटलं नव्हतं, पण न म्हटलेलंही ऐकू येतं. यज्ञेश्वरराव हळूच जाऊन त्यांच्या शेजारी बसले. ताम्हनातली पळी सरळ करत दादा म्हणाले, "शास्त्रात सोय आहे."

"कसली, दादा?"

"प्रत्यक्ष हजर करता येत नाही त्याच्या जागी सुपारी ठेवतात. इंजिनाच्या जागी सुपारी ठेवू. अभिषेक तिला."

लतिकाबाईंनी विचारलं की मग आजच्या वाटीभर पंचामृताचं काय. दादा म्हणाले की ते आपण घेऊ, आणि त्यांनी पहिली पळी सुनीलच्या हातावर घातली.

तेवढ्यात किशोर टेम्पो घेऊन आला. त्यात फुलझाडांच्या कुंड्यासुद्धा होत्या. लतिकाबाईंनी त्याला चहा दिला आणि उद्या यायला सांगितलं. गाडी ठेवायची की द्यायची हे दुपारी ठरणार नाही, उद्या पहाटे गारठ्यात मी स्वतः बसून बघणार, असा त्यांचा हुकूम झाला.

मला रात्रभर धाकधूक होती. आपण पुन्हा अडकलो तर? पोटात एखादा खडा राहिला असेल तर? यज्ञेश्वररावांनाही तीच भीती असणार, कारण पहाटे पट्टीवर पाय ठेवण्याआधी त्यांनी सपाता दोनदा काढून पुन्हा घातल्या. सुनीलने मला वाळवून हलकं तेल दिलं होतं, नवी रबरी टोपी घातली होती. आम्ही मखमलाबादच्या रस्त्याला लागलो. द्राक्षबागांवर धुकं होतं. चढ आला, त्यांनी मला ओढलं. उतार आला, त्यांनी पाय उचलला. मी परत आले. झडप मिटली आणि इंजिन शांत झालं. पुन्हा ओढलं, पुन्हा परत आले. एखादी साधी गोष्ट नीट झाल्यावर किती सुख होतं, ते मला तेव्हा कळलं.

यज्ञेश्वररावांनी घाबरून शेजारी पाहिलं. लतिकाबाईंचा हात दाराच्या कडीवर नव्हता. तो शालीत होता, मान एका बाजूला कलली होती आणि त्या गाढ झोपल्या होत्या. यज्ञेश्वररावांनी गाडी वळवलीच नाही. त्या जाग्या होईपर्यंत ते तसेच पुढे जात राहिले. किशोरला त्याच्या कुंड्या घेऊन परत जावं लागलं.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. गाडीची पूजा जरूर करा. फूल वाहा, हार घाला, मनापासून नमस्कार करा. दूध-दही-मध मात्र तुम्हीच प्या, तुम्ही वाढत्या वयाचे आहात. आणि घरातलं काही अडलं, मग ती गाडी असो की माणूस, तर त्याला लगेच जड पायाचं ठरवू नका. आधी बॉनेट उघडा आणि मुंग्या कुठे चालल्यात ते बघा.