मॉरिशसला पिठलं-भाकरी

शरच्चंद्र वकिलांनी दुसरा समोसा बशीत ओढला आणि पडद्याकडं मान वळवली. टिळकवाडीतल्या त्या छोट्या हॉलमध्ये सहल कंपनीचा सूरज जमलेल्या लोकांना मॉरिशस दाखवत होता. निळंशार पाणी, डोंगर, मैलोगणती ऊस.

"किनाऱ्यापासनं लांब प्रवाळाचा बांध हाय. त्यामुळं आतला समुद्र तळ्यासारखा शांत."

"ऊस बघायला विमान कशाला? संकेश्वरला गेलं की बास," वकील शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले.

दरवर्षी विनोदिनी परदेशाचं नाव काढायची आणि दरवर्षी वकीलसाहेब ते असंच उडवून लावायचे. या खेपेला नुसतं ऐकायला तरी चला म्हणून ती हटूनच बसली. फुकट चहा-समोसा आहे म्हटल्यावर स्वारी तयार झाली.

"परदेशात जेवणाचे हाल होतात म्हणून लोक कचरतात," सूरज सांगत होता. "ती काळजीच सोडा. रांधायला आपलंच माणूस संगं येणार, रोज पिठलं-भाकरी. विनोदिनीकाकू, जरा उभ्या राहा की."

समोसा वकिलांच्या तोंडाशीच थांबला. विनोदिनी उठली, पदर सावरून तिनं सगळ्यांना नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकिलांना वाटलं, आपण ऐकतोय ते खरं नव्हेच. तीन पिढ्यांची वकिली, गावात मान, आणि घरची बाई परमुलखात जाऊन कुणाकुणाला भाकऱ्या थापणार. उद्या कोर्टात तोंड कसं दाखवायचं?

"खाली बस आधी," ते दातओठ खात पुटपुटले. "हे काय मांडलंयस? लोकांचं रांधायला जाणार तू?"

"घरी तरी काय करते?" बसता बसता ती म्हणाली. "तिथं निदान समुद्र असेल."

"मला विचारलंस?"

"दरवर्षी विचारलं की."

मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. "वहिनी, भाकरी दोन्ही वेळंला मिळंल न्हवं?"

"मिळेल." विनोदिनीचा आवाज खणखणीत निघाला. घरात असा कधी निघाला नव्हता. "पण नाश्ता आटोपला की दुपारपर्यंत मला कुणी शोधायचं नाही. मी पाण्यात असणार."

सगळा हॉल हसला. वकील मात्र गारच पडले.

"तुला पोहता येतं?"

"येतं की. खानापूरला मलप्रभेत शिकले. ह्या काठावरनं त्या काठाला जायचे."

उभ्या जन्मात किती साक्षीदारांना उलटसुलट विचारून घाम फोडला होता त्यांनी. आता पुढचा प्रश्न काही केल्या सुचेना.

सूरज कागद-पेन घेऊन त्यांच्या रांगेपाशी आला. "वकीलसाहेब, तुमचं नाव घालू काय?"

वकिलांनी उत्तरासाठी बायकोकडं बघितलं. ती पडद्यावरच्या पाण्याकडं बघत होती.